सोलापूरहून मे महिन्यात दोन दिवस डोंगरात: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी वाई-पाचगणी-महाबळेश्वरचा पूर्ण प्लॅन

मे महिन्यात सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या आसपास गेला की ऑफिसात, कट्ट्यावर, फॅमिली ग्रुपवर एकच विषय चालतो, कुठंतरी थंड ठिकाणी जाऊया की ओ. मग कुणीतरी महाबळेश्वर म्हणतं, शनिवारी सकाळी नऊला निघायचं ठरतं, प्रत्यक्षात साडेदहाला निघतात, दुपारभर उन्हात गाडी मारतात, संध्याकाळी वेण्णा लेकच्या अलीकडं ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि रविवारी पाच पॉइंट पळत पळत बघून रात्री एक वाजता घरी. सोमवारी विचारलं तर म्हणतात, गर्दीच बघून आलो.

हा लेख त्यांच्यासाठी आणि बदलीवर वगैरे नव्यानं सोलापुरात आलेल्यांसाठी. माझं म्हणणं सरळ आहे, महाबळेश्वरला जा पण महाबळेश्वरच्या बाजारपेठेत राहू नका, आणि रस्त्यातली छोटी गावं वगळू नका, कारण सहलीतला निम्मा आनंद वेळापूर, फलटण, वाई, मेणवली, माहुली असल्या गावांमध्येच आहे आणि तिथं तिकीट, रांग, पार्किंग यातलं जवळपास काही नाही.

आधी तारीख ठरवा, हॉटेल नंतर

कॅलेंडर घ्या, भिंतीवरचं, ज्यात तिथी असतात ते. आपला रस्ता पंढरपूरवरून जातो त्यामुळं एकादशी कधी आहे हे बघणं हे पहिलं काम. चैत्री एकादशीला पंढरपुरात मोठी गर्दी असते, त्याच सुमाराला शिखर शिंगणापूरची यात्रा असते आणि नातेपुते-फलटण पट्ट्यात गाड्या, कावडी, चालणारी माणसं भरपूर. साध्या एकादशीच्या वीकेंडलासुद्धा पंढरपूर गावात शिरायचं नाही, बाहेरून निघायचं. आणि जून संपत आल्यावर जाणार असाल तर पालख्या कुठं आहेत ते बघूनच निघा, कारण ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आपल्याच रस्त्यानं, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत येते.

महिन्याचं म्हणाल तर मार्च-एप्रिलला वरती स्ट्रॉबेरी मिळते, तुतीसुद्धा मिळते, गर्दी कमी. मेमध्ये ताजी स्ट्रॉबेरी संपलेली असते, जे मिळतं ते बहुतेक क्रश नाहीतर फ्रोझन, पण करवंदं, जांभळं सुरू होतात. मेचा शेवटचा आठवडा मला जास्त आवडतो, वळवाचे ढग येतात, संध्याकाळी दरीतनं धुकं वर येतं आणि शाळा सुरू व्हायच्या तयारीला लागलेली मंडळी परतलेली असतात. कास पठाराची फुलं बघायला मेमध्ये जाऊ नका, ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. ठोसेघरचा धबधबासुद्धा मेमध्ये म्हणजे नुसता कडा. रील बघून दरवर्षी लोक जातात आणि हिरमुसून येतात.

मुक्काम कुठं

दोन रात्री धरल्यात. शुक्रवारची रात्र वाईत, शनिवारची रात्र भिलारला किंवा पाचगणीत.

वाईत का, तर सोलापूरहून पाच-सव्वापाच तास गाडी चालवल्यावर रात्री पसरणी घाट चढायला नको, विशेषतः घाटाची सवय नसलेल्या माणसानं. आपल्याकडं सगळं पठार, बार्शी रोडला काय आणि अक्कलकोट रोडला काय, स्टेअरिंग सरळ धरलं की झालं. वाईत साधी स्वच्छ लॉज मिळतात, वरच्या मानानं बरीच स्वस्त. थंडी म्हणाल तर वाईत दिवसा उकडतं, पण नदीकाठ असल्यानं रात्र आपल्यापेक्षा बरी जाते.

शनिवारी भिलार का, तर हे पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं गाव, मेन रोडपासून जरा आत. 2017 मध्ये इथं पुस्तकांचं गाव सुरू झालं, म्हणजे गावातल्या घरांमध्ये, देवळांमध्ये, शाळेत मराठी पुस्तकं ठेवलीत, एका घरात कादंबऱ्या, एकात चरित्रं, एकात लहान मुलांची, असं. कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं, पैसे नाहीत. त्यातल्या बऱ्याच घरांमध्ये राहायची, जेवायची सोय आहे. घरगुती पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी, रात्री अंगावर शाल, आणि बाजारपेठेतल्या हॉर्नचा आवाज नाही, अजून काय पाहिजे.

बुकिंग फोन करून करा. ॲपवर दिसतो तो रेट आणि थेट बोलल्यावर मिळतो तो रेट यात मे महिन्यात फरक असू शकतो, दोन्हीकडं विचारा. फोनवर तीन गोष्टी नक्की विचारायच्या: गरम पाणी किती वाजेपर्यंत, पार्किंग आवारात का रस्त्यावर, आणि जेवण सांगावं लागतं का आयत्या वेळी मिळतं. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि रात्री नऊला उपाशी फिरत बसतात.

गाडीची तयारी

घरची कार असेल तर निघायच्या चार दिवस आधी गॅरेजला दाखवा, आदल्या दिवशी नको, काही निघालं तर दुरुस्तीला वेळ पाहिजे. कूलंट, ब्रेक पॅड, टायर आणि स्टेपनीतली हवा एवढं बघितलं तरी पुष्कळ. आपल्याकडच्या उन्हात टायर तापतात, हवा थंड टायरमध्ये सकाळी भरायची, कंपनीनं दाराच्या आत स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. पंपवाला "उन्हाळाय, थोडी जास्त मारू का" म्हणेल, नको म्हणा.

सगळा फेरा सहाशे किलोमीटरच्या घरात जातो. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर चाळीस लिटर पेट्रोल धरा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. आणि थोडे सुटे पैसे वेगळे ठेवा, वरती नाक्यावर प्रवासी कर घेतात, त्याची पावती फेकू नका, पॉइंटवर पार्किंगचे वेगळे.

खायला कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे. कडक भाकरी आठ दिवस टिकते, उन्हात खराब होत नाही, आणि पाचगणीत दीडशे रुपयाच्या सँडविचला हात लावायच्या आधी आठवण येते ती हिचीच. दही मात्र नेऊ नका, मोहोळपर्यंतच आंबून जाईल.

एसटीनं जाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. सोलापूरहून साताऱ्याला बस आहे, साताऱ्याहून आणि वाईहून महाबळेश्वरला दिवसभर गाड्या चालू असतात. बायकांना 2023 पासून एसटीत निम्मं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंचाहत्तरला निम्मं, आधार कार्ड जवळ ठेवा. चार बायका मिळून निघणार असाल तर भाड्याच्या गाडीपेक्षा हा हिशोब फारच परवडतो. फक्त मेणवली, भिलार असल्या आतल्या गावांना रिक्षा नाहीतर जीप बघावी लागते, आणि परतीची वेळ त्याच्याशी आधी बोलून घ्या.

शुक्रवार: सोलापूर ते वाई

दुपारी तीनला निघा. हाफ डे मिळत नसेल तर शनिवारी पहाटे पाचला, मधली वेळ नको. का ते सांगतो. आपण जातोय पश्चिमेला. पाच ते सात सूर्य बरोबर काचेच्या समोर असतो, आणि माळशिरस ते फलटण सरळ रस्ता असल्यामुळं तो हलतच नाही. तीनला निघालात तर निम्मा रस्ता आधीच मागं पडलेला असतो आणि उन्हाच्या त्या वेळेला वेळापूरला देवळात बसता येतं. गॉगल आणि आतून स्वच्छ पुसलेली काच, या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा एसीनंही पडत नाही. परतीला रविवारी दुपारी आपण पूर्वेला असतो, सूर्य पाठीला, म्हणून परतीचा लांबचा टप्पा मुद्दाम दुपारनंतर ठेवलाय.

रस्ता असा: सोलापूर, मोहोळ, पंढरपूर बाहेरून, वाखरी, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद, खंडाळा, सुरूर फाटा, वाई. अंदाजे अडीचशे किलोमीटर. मोहोळपासून लोणंदपर्यंत पालखी मार्ग आहे, पूर्वीच्या एकेरी रस्त्यानं ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ओळखू येणार नाही इतका रुंद झालाय. पण रुंद म्हणून शंभर-सव्वाशे मारू नका, गावाजवळ उसाचे ट्रॅक्टर, मोटारसायकली उलट्या दिशेनं सर्रास येतात आणि दुभाजकातनं अचानक म्हैस निघते.

पहिला थांबा वेळापूर. इथं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आहे, यादवकाळातलं, काळ्या दगडाचं. मेन रोडपासून फार लांब नाही. गाभाऱ्यात शंकर-पार्वती एकाच पाषाणात, आणि देवळात शिरलं की बाहेरचं बेचाळीस डिग्री बाहेरच राहतं. जाड दगडी भिंती असल्या की काय होतं ते इथं अंगाला कळतं. पाऊण तास बसा, पोरांना पळू द्या, पाणी भरून घ्या. वाटेत चहा प्यायचा असेल तर माळशिरस-नातेपुते पट्ट्यात.

फलटणला पोचेपर्यंत अंधार पडायला आलेला असतो. नाईक निंबाळकरांचं संस्थान, शिवाजी महाराजांच्या महाराणी सईबाईंचं माहेर. राजवाडा आणि त्याला लागून राम मंदिर गावाच्या मध्यातच आहे, संध्याकाळी मंदिरात उजेड असतो, आरतीला गाठ पडली तर छान. पेट्रोल इथंच भरा, जेवायचं असेल तर इथंच जेवा, पुढं वाईत दहानंतर जेवण मिळेल याची खात्री धरू नका.

लोणंदहून खंडाळ्याकडं निघायचं. हा खंडाळा साताऱ्याचा बरं का, लोणावळ्याजवळचा नाही, मॅपवर नुसतं खंडाळा टाकलं तर कुठल्या कुठं नेऊन सोडेल. तिथं पुणे-सातारा हायवे लागतो, खंबाटकी घाट चढायचा, खाली उतरलं की सुरूर फाट्याला उजवीकडं वाई. खंबाटकीत रात्री ट्रक असतात, चढताना त्यांच्या मागं शांतपणे राहा, ओव्हरटेकची घाई नको, पाच मिनिटाचाच घाट आहे.

शनिवार सकाळ: वाई, मेणवली, जमलं तर धोम

सहाला उठा. होय, सुट्टीत सहाला. याचं कारण दोन तासांनी कळेल.

गणपती घाटावर जा. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. आत एकाच दगडातली भलीमोठी मूर्ती, माणूस समोर लहान वाटतो. पण माझं ऐकाल तर दर्शन घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा, नदीच्या वरच्या अंगाला. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती केलीय, मधोमध टोक काढलंय, पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोन्हीकडनं फुटून निघून जावं म्हणून. अडीचशेपेक्षा जास्त वर्षं कृष्णेचे पूर त्या टोकानं झेललेत. शेजारी काशीविश्वेश्वर आहे, तिथला नंदी बघा, दगडाला इतकं पॉलिश की हात फिरवावासा वाटतो.

घाटावर सकाळी बायका कपडे धूत असतात, शाळेची पोरं पोहतात, कुणी सूर्यनमस्कार घालतंय. मेमध्ये पाणी कमीच असतं, पण असतं. आपल्या पंढरपूरची भीमा पुढं कर्नाटकात रायचूरच्या बाजूला याच कृष्णेला जाऊन मिळते, म्हणजे वाईचं आणि आपलं पाणी शेवटी एकच. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातनं झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथंच शिकले आणि राहिले, त्यामुळं एवढ्याशा गावात पुस्तकांची, शास्त्र्यांची परंपरा मोठी आहे. नाश्ता गावातच करा, मिसळ किंवा पोहे.

मग मेणवली, वाईपासून तीन-चार किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट. सिनेमावाल्यांनी हा घाट इतक्या वेळा वापरलाय की पहिल्यांदा बघताना आपण इथं आधी येऊन गेलोय असं वाटतं. वाड्यात एकामागं एक चौक, लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं, जोते उंच. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला. घाटावरच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी कोनाड्यात मोठी घंटा टांगलीय, ती देवळासाठी ओतलेली नाहीच, चर्चमधली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा ज्या घंटा आल्या त्यातली ही एक. जवळ जाऊन बघा, घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. पोरांना दाखवा आणि सांगा कुठनं आली ते, शाळेतला इतिहास डोक्यात बसतो.

वेळ असेल तर अजून पुढं धोम. धरणामुळं गाव ओळखतात पण खरी गोष्ट नरसिंहाच्या देवळाच्या आवारातला नंदी, तो दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय, भोवती कुंड. पाणी भरलेलं असलं की कासव पाण्यात आणि नंदी वर. मेमध्ये कुंड कोरडं असण्याची शक्यता जास्त, मग कासव पूर्ण दिसतं, तेही बरंच. पण साडेनऊ वाजून गेले असतील तर धोम सोडा.

कारण दहाच्या आत घाटाच्या पायथ्याला पाहिजे. शनिवारी अकरापासून पुण्या-मुंबईच्या गाड्या पसरणी घाटात रांगेनं येतात.

घाट चढताना, ज्यांनी कधी चढवला नाही त्यांच्यासाठी

पसरणी घाट वाई ते पाचगणी साधारण बारा किलोमीटर. रस्ता चांगला आहे, भीती बाळगायची गरज नाही, पण चार गोष्टी पाळा.

चढताना दुसरा-तिसरा गिअर. इंजिन रडायला लागलं की खालचा गिअर टाका, क्लच अर्धा दाबून गाडी चढवू नका, जळका वास येईल तो क्लचचाच. वळणावर हॉर्न, आणि आपल्या बाजूलाच राहायचं, वळण कापून पलीकडं जायचं नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटातला नियम, उतरताना तुम्हीही पाळा. आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रलमध्ये तर अजिबात नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि मग ऐनवेळी लागत नाहीत. सोलापूरचा ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतो, ही सवय इथं जिवावर येते. भाड्याची गाडी असेल तर तोंडावर सांगा, "दादा, उतारावर गिअरमध्येच ठेवा," राग आला तर येऊ द्या.

गाडी लागणाऱ्यांना पुढं बसवा, काच थोडी खाली, मोबाईल बंद, नजर लांब रस्त्यावर. पोट अगदी रिकामंही नको आणि मिसळीनं भरलेलंही नको. आल्याची वडी, लिंबू चालतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या पुढच्या कप्प्यात. यापेक्षा जास्त सांगत नाही.

अर्ध्या घाटात जागा बघून थांबा, बाजूला नीट लावून. खाली वाई, कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, समोर पांडवगड. आणि काच खाली केली की पहिल्यांदा हवा बदललेली जाणवते.

शनिवार दुपारपासून: पाचगणी, भिलार

पाचगणी तेराशे मीटरच्या जवळपास उंच, सोलापूर पाचशेच्या आत. दुपारी ऊन इथंही लागतं, टोपी लागते, फक्त सावलीत गेलं की गार. म्हणून दुपारी पॉइंट करायचे नाहीत. दुपारी सरळ भिलारला जा, सामान टाका, जेवा, एखाद्या घरात पुस्तक घेऊन बसा किंवा झोपा. उन्हाळ्यात पंख्याशिवाय दुपारची झोप ही चैन सोलापूरकराला कळते तेवढी कुणालाच कळणार नाही.

साडेचारला टेबल लँड. जांभा दगडाचं सपाट पठार, कडेनं सरळ तुटलेलं. सुरुवातीलाच घोडेवाले गाठतात, बसायचं असेल तर आधी भाव, आधी फेरी कुठंपर्यंत ते ठरवा, "बसा हो, बघू नंतर" याला भुलू नका. चालायची तयारी असेल तर घोडा नकोच, पठाराच्या लांबच्या टोकाकडं चालत जा, दहा मिनिटात गर्दी संपते. कड्याला कठडा सगळीकडं नाही, लहान मुलांचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी मागं मागं सरकू नका.

जवळच्या मोठ्या फूड पार्कमध्ये स्ट्रॉबेरी क्रीम खायला सगळेच जातात, जायचंच असेल तर संध्याकाळी सातनंतर, दुपारी पार्किंगलाच अर्धा तास. मका पॅटिस ठेल्यावरचा खा, गरम काढून देतो तोच.

रविवार: पहाटे वर, अकराच्या आत खाली

साडेपाचला भिलार सोडा. पुन्हा म्हणाल काय माणूस आहे. पण बघा, वेण्णा लेकचा जो रस्ता दुपारी तास खातो तो सकाळी सहाला रिकामा, दहा मिनिटात पार. थेट क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर, बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटर. पंचगंगेचं देऊळ, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम इथं मानतात, गोमुखातनं पाणी पडतं. महाबळेश्वराचं देऊळ शेजारीच. दोन्हीकडं सकाळी गर्दी नसते.

मग तिथनं चालत कृष्णाबाईच्या देवळाकडं जा, बरेच लोक इकडं फिरकतच नाहीत. जुनं, शेवाळलेलं दगडी देऊळ, आतनं पाणी येऊन कुंडात पडतं आणि पुढं अख्खं कृष्णेचं खोरं उघडं. दगड ओले असतात, चप्पल जपून. सगळ्या ट्रिपमधली एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन, आर्थर सीट नाही.

आर्थर सीट मात्र बघाच, आता आलोच आहोत. तिथनं सावित्रीचं खोरं दिसतं, पश्चिमेकडं, कोकणाकडं उतरत गेलेले कडे. गंमत अशी की दोन-चार किलोमीटरच्या अंतरात पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं, सावित्री अरबी समुद्राला आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून वाचलेलं इथं उभं राहून दिसतं. माकडं आहेत, हातात पिशवी, कणीस, गॉगल काही ठेवू नका, हिसकावतात, आणि त्यांना खायला घालू नका.

नऊ-साडेनऊला बाजारपेठेत नाश्ता, थोडी खरेदी. चणे, चिक्की घ्या. मध घ्यायचा असेल तर मधपाळांच्या सोसायटीचा सीलबंद घ्या, रस्त्यावर पोळं लटकवून विकणाऱ्याकडनं नको. जवळचं मांघर हे 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय, तिथं पेट्या, पोळी बघायला मिळतात, पण त्यासाठी दोन तास वेगळे लागतात.

बाकीचे पॉइंट सोडा. यादीत पंचवीस-तीस नावं असतात, टॅक्सीवाला सगळी दाखवतो म्हणेल, बघून झाल्यावर तुम्हाला कुठला कुठला होता ते आठवणार नाही.

परत येताना वेगळा रस्ता

साडेदहा-अकराला महाबळेश्वरहून केळघर-मेढा रस्त्यानं उतरा, पसरणीनं नाही. रविवारी पसरणीत दुपारी परतणाऱ्यांची रांग असते, मेढ्याकडं तेवढी नसते. वळणं भरपूर, झाडी चांगली, रस्ता काही ठिकाणी अरुंद. साताऱ्याला साडेबारा-एक. कंदी पेढे घ्या, जेवा.

साताऱ्याहून कोरेगाव रस्त्याला लागलं की लगेच संगम माहुली. वेण्णा इथं कृष्णेला मिळते, म्हणजे सकाळी जिचा उगम बघितला ती दुपारी इथं भेटते. दोन्ही काठांवर पेशवेकाळातली देवळं, दगडी घाट, रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. दुपारची वेळ म्हणून पाय भाजतात, घाटावर अनवाणी उतरू नका, पण देवळात अर्धा तास मस्त जातो.

पुढं कोरेगाव, मग रस्त्याला अगदी लागून वर्धनगड, दुपारी चढायचा नाही, गाडीतनं बघायचा. पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर. डोंगराचा हिरवेपणा तासाभरात संपतो आणि माणदेश सुरू होतो, बोडके माळ, बाभळी, मेंढरं. गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधी मंदिरात थांबा, आवार स्वच्छ आणि शांत, पाणी, स्वच्छतागृह सगळी सोय, बायका-मुलांना घेऊन थांबायला या पट्ट्यात याच्याइतकं चांगलं ठिकाण नाही. म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ. याच गावात 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, दुष्काळी गावातल्या बायकांनी केलेली, गावातनं जाताना बोर्ड दिसेल.

म्हसवडनंतर चहाला एकदा थांबाच, जेवून उन्हात गाडी चालवली की याच पट्ट्यात डोळे मिटतात, ड्रायव्हर बदलायला माणूस असेल तर इथं बदला. सहा-साडेसहाला पंढरपूर, पुन्हा गावाबाहेरनं. पांडुरंगाचं दर्शन याच फेरीत उरकू म्हणणारं कुणीतरी गाडीत असतंच, त्यांना मुखदर्शनाची रांग किती आहे ते आधी बघू म्हणा, लांब असेल तर कळसाला हात जोडायचे, पंढरपूर आपल्याला तासा-दीड तासावर आहे, परत कधीही येता येतं. साडेआठपर्यंत सोलापूर.

सोमवारची सुट्टी जोडून आली तर

भिलारमध्येच अजून एक रात्र वाढवा, नवीन गाव नको. वाढलेल्या दिवशी दोनपैकी एक करा. प्रतापगड, महाबळेश्वरपासून पंचवीसेक किलोमीटर, आंबेनळी घाटानं, सकाळी आठच्या आत गडावर पाहिजे, नंतर पायऱ्यांवर ऊन येतं. 1659 ला अफजलखानाची भेट झाली ती याच गडाच्या पायथ्याला, वरनं जावळीचं खोरं बघितलं की महाराजांनी जागा का निवडली ते कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. किंवा तापोळा, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बोटीत बसायचं, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचं नाही, पोहता येत असलं तरी. मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाची लाल माती उघडी पडते, त्यामुळं फोटोत दिसतं तसं दिसणार नाही हे धरूनच जा. घरात म्हातारी माणसं असतील तर तापोळा, पोरं मोठी असतील तर प्रतापगड. दोन्हीकडं मोबाईलला रेंज जाते-येते, घरी आधीच फोन करून ठेवा.